खिडकीतला निळा

पंचवटीतल्या जुन्या घराच्या खिडक्या आज अखेर रंगवायला काढल्या. खरवडताना चार थर निघाले: तपकिरी, हिरवा, पांढरा आणि सगळ्यात खाली आजीचा आवडता निळा! जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून मास्क बांधून, पाणी मारत 80 नंबरच्या वॉटरपेपरने घासलं, मग 120 ने. खालची पट्टी पावसाने भुसभुशीत झालेली. कुजका भाग पटाशीने कोरून काढला, तर आत सागवान अजून टणक, मधासारखं पिवळं. कितीतरी वेळ त्यावर हात फिरवत बसले. लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय प्रायमर लावायचा नाही, नाहीतर पापुद्रे सुटतातच. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, त्यानंतर. डबा निळाच आणलाय. बाबा दोनदा येऊन झाकणावरचा रंग बघून गेले. उद्या ऊन पडू दे.