एका नेमस्पेसपायी

आज महापेच्या ऑफिसात सकाळपासून एकच रड. समोरच्या पार्टीकडून येणाऱ्या एक्सएमएल (टॅग लावलेल्या डेटाच्या) इनव्हॉइसचं एक्सएसएलटीने, म्हणजे एक्सएमएलचं रूप पालटणाऱ्या भाषेने, एचटीएमएल वेबपान करायचं, वर्षभर बिनबोभाट चाललेलं काम. आज टेबलच गायब! नावं, रकमा, तारखा, सगळं एकाला एक चिकटून नुसती भेळ. एरर मात्र एकही नाही. आली असती तर बरं झालं असतं हो.

टेम्प्लेट (कुठल्या टॅगचं काय करायचं ते सांगणारा नियम) दहादा वाचलं, चूक सापडेना. शेवटी कालची नि आजची फाइल शेजारी शेजारी उघडली, तर आजच्या रूट टॅगमध्ये, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या टॅगमध्ये, नवा पाहुणा: एक्सएमएलएनएस, टॅगचं नाव कुठल्या नेमस्पेसमधलं (नावांच्या गटातलं) ते सांगणारा. दिसायला तोच 'इनव्हॉइस', पण आता त्याला आडनाव लागलेलं, आणि माझं टेम्प्लेट बिनआडनावाच्या इनव्हॉइसलाच शोधत बसलेलं. कुठलंच टेम्प्लेट जुळलं नाही की एक्सएसएलटी आपले अंगभूत नियम लावतं: खाली उतरत जा, मजकूर दिसेल तो ओतत जा. म्हणून भेळ.

मग स्टाइलशीटमध्ये (टेम्प्लेटांच्या फाइलीत) त्या नेमस्पेसला प्रीफिक्स, म्हणजे नावाआधी लावायचा छोटा शब्द, दिला आणि एकेका पाथमध्ये (टॅगच्या पत्त्यात) तो चिकटवत बसले. (एक्सएसएलटी २.० मध्ये एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेस लिहून भागतं, पण आमचा प्रोसेसर अजून १९९९ च्या १.० वरच.) जेवणाचा डबा चार वाजता उघडला. भेंडी, तीही गार.

सात वाजता घणसोलीहून ठाणे लोकल पकडली, तेवढ्यात पार्टीचा मेल: 'फॉरमॅटमध्ये छोटासा बदल केलाय, तुमच्याकडे काही फरक पडणार नाही.'

ऐरोलीपर्यंत एकटीच हसत होते.