व्हेल कशानं मेला ते जेसीबी यायच्या आधी बघा

मावसभावंडांच्या ग्रुपवर परवा परत तो फॉरवर्ड आला, किनाऱ्यावर ओळीनं पडलेले व्हेल आणि खाली "माणसाला कंटाळून सामूहिक आत्महत्या", त्यावर रडक्या इमोजींचा पाऊस. मी बडोद्यात एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर फॉर्मॅलिनमधले (कुजू नयेत म्हणून त्या द्रवात ठेवलेले) अवयवांचे तुकडे काढून तपासणीच्या स्लाइड बनवायच्या, त्यामुळे असलं काही वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो तो हा की टिश्यू घेतलं का कोणी, आणि मेल्यावर किती वेळात? सध्या रात्री जेवणं झाली की या स्ट्रँडिंगच्या, म्हणजे व्हेल-डॉल्फिन किनाऱ्याला लागण्याच्या, तपासाबद्दलच वाचत बसतो. बायको म्हणते बडोद्याला समुद्र तरी कुठाय. आहे की! कावी-कंबोईला आपण स्तंभेश्वराला जातो, भरतीला अख्खं देऊळ पाण्याखाली जातं ना, तो खंभातच्या आखाताचाच प्रताप, पाणी झपाट्यानं चढतं आणि उतरलं की लांबच लांब चिखल, त्यात एखादा डॉल्फिन भरतीबरोबर आत आला आणि ओहोटीत अडकला तर सुटणं कठीणच.

तर आत्महत्येचं. जानेवारी 2016 मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनजवळ मनपाडच्या किनाऱ्याला ऐंशीच्या वर पायलट व्हेल लागले होते, कोळ्यांनी रात्रभर त्यांना परत पाण्यात ढकललं आणि ते फिरून परत किनाऱ्यालाच. लोकांना वाटलं यांना मरायचंच आहे. पण पायलट व्हेल कळप सोडत नाहीत, एक आजारी पडला किंवा वाट चुकला तर बाकीचे त्याच्या मागे जातात, उथळ उताराच्या वाळूवर त्यांच्या आवाजाचा, वाट दाखवणारा प्रतिध्वनीही नीट परत येत नाही म्हणतात. आणि गंमत बघा, त्याच पट्ट्यात जानेवारी 1973 मध्येही 147 पायलट व्हेल लागले होते! तोच किनारा, तोच महिना. आता यात शोधण्यासारखं काही नाही असं कोण म्हणेल, पण इमोजी टाकून मोकळं होणं सोपं असतं.

तपास कसा चालतो ते मला आमच्या कामाच्या जवळचं वाटलं. आधी जनावराला 1 ते 5 असा कोड देतात, 1 म्हणजे जिवंत, 2 म्हणजे ताजं मेलेलं, 5 म्हणजे नुसती हाडं आणि सुकलेली कातडी. खरा माल कोड 2 मध्ये. कारण व्हेलच्या अंगावर चरबीची जी जाड रजई असते ती मेल्यावरही ऊब धरून ठेवते, बाहेरून काळा चकचकीत दिसतो आणि आतून शिजत असतो, गॅस धरत जातो. तैवानच्या ताइनानमध्ये 2004 साली तपासणीसाठी ट्रकवरून नेताना एक स्पर्म व्हेल भर रस्त्यात फुटला होता, दुकानं आणि स्कूटर सगळं रक्तानं माखलं. मी हा किस्सा लॅबमध्ये डबा खाताना सांगितला, नको होता सांगायला.

ताजा मिळाला की मग एकेक गोष्ट बोलायला लागते. ओठांवर, परांवर जाळ्याच्या बारीक रेघा असतील, श्वासनळी उघडल्यावर आत फेस असेल आणि पोटात अर्धवट पचलेले मासे असतील तर समजायचं की गडी धडधाकट होता, जेवत होता, आणि जाळ्यात अडकून गुदमरला. जहाजाची धडक असेल तर तुटलेल्या हाडाभोवतीच्या मांसात रक्त साकळलेलं दिसतं, मेल्यावर धडक बसली असेल तर तसं साकळत नाही. दात कापून आतले थर मोजले की वय कळतं. कान सगळ्यात नाजूक प्रकरण, आतल्या कानातल्या पेशी काही तासात खराब होतात, म्हणून तिथे फॉर्मॅलिन लगेच पोचवावं लागतं. आणि बाकीच्या अवयवांचे सेंटीमीटरभर जाडीचेच तुकडे घ्यायचे, दहापट फॉर्मॅलिनमध्ये, कारण जाड तुकडा टाकला की कडेनं छान आणि मधे कुजलेला. हे आम्हाला रोज डोकं फोडून सांगावं लागतं राव, माणसांच्या सॅम्पलला!

यातून खरंच काही होतं का? होतं. सप्टेंबर 2002 मध्ये कॅनरी बेटांवर नौदलाचे सराव चालू असताना 14 चोचवाले व्हेल किनाऱ्याला लागले. तिथल्या पशुवैद्यकांनी ताजे ताजे उघडले तेव्हा रक्तवाहिन्यांत गॅसचे बुडबुडे आणि चरबीचे कण सापडले, पाणबुड्या माणसाला घाईनं वर आल्यावर होतं तसलंच काहीतरी. नौदलाच्या सोनारच्या (पाण्यात आवाज सोडून पाणबुड्या शोधायचं यंत्र) आवाजानं घाबरून ते नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीनं बुडत-वर येत असावेत असा अंदाज. स्पेननं 2004 मध्ये त्या बेटांजवळ सोनार बंद केलं आणि त्यानंतर पुढची कित्येक वर्षं तिथे तसली सामूहिक घटना झाली नाही. हे स्लाइडवर दिसलं म्हणून झालं, दोन दिवस उशीर झाला असता तर कुजण्याचे बुडबुडे कुठले आणि आजाराचे कुठले हे कोणी छातीठोक सांगितलं नसतं.

आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. पावसाळ्यात वारा किनाऱ्याकडे, तेव्हा जे येतं ते आधीच कोड 4, वास सुटलेला, गर्दी जमलेली, मग जेसीबी येतो आणि खड्डा. नगरपालिकेलाही काय बोलणार, वीस-तीस टनांचं धूड गावाजवळ कुजत ठेवता येत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू लागलं तेव्हा लोकांनी, वनखात्यानं केवढी धडपड केली, ओढून खोल पाण्यात नेलं, तरी वाचलं नाही. जिवंत असेपर्यंत सगळे धावतात, मेल्यावर आमच्यासारख्यांची पाळी येते आणि तोवर टीव्हीवाले निघून गेलेले असतात. मेक्सिकोच्या आखातातला एक अंदाज असाय की मेलेल्यांपैकी सरासरी 2 टक्केच किनाऱ्यावर सापडतात, म्हणजे जो एक आला तो पन्नासांच्या वतीनं आलाय, त्यालाही बिना बघता पुरायचं?

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममधला तो व्हेलचा सत्तर-एक फुटी सांगाडा आपण सगळ्यांनी शाळेच्या ट्रिपमध्ये बघितलाय, 1940 च्या दशकात माहीच्या मुखाशी आलेला. त्याच्याखाली उभं राहून मी भाचीला कितीही रंगवून सांगितलं तरी "मामा, तो मेला कशानं?" याचं उत्तर त्या हाडांत नाही.

तेव्हा गुजरातेत डुमस-तिथलच्या किनाऱ्याला, कोकणात, कुठेही फिरायला गेलात आणि असं काही दिसलं तर आधी वनखात्याला फोन. जिवंत असेल तर शेपूट-पर धरून ओढू नका, ओलं फडकं टाका पण डोक्यावरची नाकपुडी झाकू नका, पाणी ओतताना तिथे जाऊ देऊ नका. मेलेला असेल तर लांबून फोटो, तोंडाचा, कुशीचा, शेपटीचा, बाजूला चप्पल-बिप्पल ठेवून म्हणजे माप कळतं, वेळ आणि भरती होती की ओहोटी ते लिहून ठेवा. हात लावू नका, माणसाला लागणारे जंतू असतात. दात-हाड उचलून घरी आणू नका, वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, शोकेस कितीही रिकामं असलं तरी.