क्लीनर साइडची काच

जून संपता संपता आमच्या गाडीची डावीकडची पुढची काच वर चढताना दमायला लागली होती. बटण दाबलं की अर्ध्यापर्यंत यायची आणि थांबायची. दहा मिनिटांनी पुन्हा दाबलं की निमूट वर. पावसाने रबर फुगलं असेल असं म्हणून मी सोडून दिलं. तो इशारा होता हे बाबांनी नंतर सांगितलं. या मोटरच्या आत एक छोटंसं कटआउट असतं. मोटर फार तापली की ते करंट तोडतं आणि गार झाल्यावर पुन्हा जोडतं. म्हणजे जवळजवळ दोन आठवडे ती मोटर तापून बंद पडत होती आणि मी तिला रोज परत कामाला जुंपत होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईला ठाण्याहून डॉक्टरांकडून घरी आणत होते. आत वाफ धरली म्हणून आईने काच थोडी खाली घेतली. मुलुंड चेकनाक्यापाशी सर कोसळली आणि काच वर येईना. बटण दाबलं की दारातून नुसता 'टक्' आवाज. घरी पोचेपर्यंत आई गाडीत छत्री उघडून बसली होती, आणि तरी तिचा डावा खांदा पूर्ण भिजला होता.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गॅरेजात दाखवलं. तिथल्या मुलाने बटण दोनदा दाबलं, काही उघडलं नाही, काही तपासलं नाही. "ताई, मशीन गेलंय. पूर्ण सेट बदलायला लागेल, साडेपाच हजार." मशीन म्हणजे काच वर-खाली नेणारी सगळी यंत्रणा: रेल, तार, चकती आणि मोटर. मी हो म्हणायच्या बेतात होते. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "दिवा लावून बघितला का त्याने?"

बाबा ३१ वर्षं बेस्टच्या आगारात इलेक्ट्रिशियन होते. आता ७६ वर्षांचे आहेत, हात थरथरतात. त्यामुळे पाना माझ्या हातात आणि डोकं त्यांचं, असं ठरलं. रविवारी सकाळी पाऊस उघडल्यावर सोसायटीच्या आवारात, पर्जन्यवृक्षाखाली, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते दाराशेजारी बसले.

पावसाळा संपेपर्यंत काच चिकटपट्टीने बंद करून ठेवू, असं मी सुचवलं होतं. त्यांनी ते साफ नाकारलं. २६ जुलै २००५ला ते ड्यूटीवर होते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांमधून बाहेर न येता आल्यामुळे माणसं गेली. "जी काच उघडत नाही, त्या दारापाशी मी तुझ्या आईला बसवणार नाही," असं ते म्हणाले. मग मी पुढे काही बोलले नाही.

डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढणं वाटतं तितकं अवघड नाही. हँडलच्या वाटीत एक स्क्रू, खिसा असतो तिथे दोन, आणि बाकी सगळ्या कडेने क्लिपा. खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करून एकेक क्लिप उचकटायची. आमच्या दोन तुटल्या, कारण चौदा वर्षांत प्लॅस्टिक कडक झालं होतं. पॅडच्या मागे काळ्या गोंदाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. बाबांनी तो फाडू दिला नाही. हळूहळू, गोंदासकट सोलायला लावला. दारात शिरलेलं पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून तो असतो, आणि गॅरेजात घाईत फाटला की पुढच्या पावसात पायाखालचं मॅट ओलं का होतं ते कुणालाच कळत नाही.

मग दिवा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला डाग देऊन जोडलेल्या दोन वायरी आणि टोकांना पिना. मी मल्टिमीटर आणला होता, पण बाबांनी तो बाजूला ठेवायला लावला. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरीची एकच काडी शाबूत असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. वाटेत कुठे गंज असेल, दाराच्या सांध्यातल्या रबरी नळीत वायर तुटत आली असेल, तर बल्ब मंद लागून लगेच चुगली करतो. मोटरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून दोन पिनांवर बल्ब धरला. बटण वर: लख्ख. बटण खाली: पुन्हा लख्ख. या मोटरला वेगळी अर्थिंगची वायर नसते. बटण नुसतं प्लस-मायनस उलटवतं आणि मोटर उलटी फिरते. दोन्हीकडे बल्ब पेटला याचा अर्थ बटण ठीक, वायरिंग ठीक. आता दोष मोटरचाच.

बॅटरीवरून थेट वायर ओढून मोटरला दिली. गप्प. बाबांच्या सांगण्यावरून मी करंट चालू असतानाच मोटरच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं, आणि ती अर्धा फेरा फिरून थांबली. "कार्बन संपले," बाबा म्हणाले. कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे ठोकळे.

काच मध्येच अडकली होती आणि हाताने ढकलून हलत नव्हती. मोटरचं गिअर वर्मचं असतं, मळसूत्रासारखं. मोटर चाकाला फिरवू शकते, चाक मोटरला फिरवू शकत नाही. म्हणून तर कुणी बाहेरून काच दाबून खाली करू शकत नाही. काच धरणारे दहाचे दोन बोल्ट काढले आणि काच दोन्ही तळव्यांनी वर उचलली. उचलताना मी थबकले. मशीनपासून पूर्ण सुटलेली काच अलगद सरकायला हवी होती, आणि मला अक्षरशः जोर लावावा लागत होता. बाबांनीही हे पाहिलं. "मोटर आपोआप मेली नाही," ते म्हणाले, "तिला मारलंय."

मला हीच गोष्ट सांगायची आहे. नवी मोटर बसवली असती तर काच त्या दिवशी झकास चालली असती, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती मोटरही गेली असती. काच ज्या रबरी खाचेतून सरकते ती धुळीने आणि वाळून कडक झालेल्या चिखलाने भरली होती. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात. काचेच्या बाहेरच्या रबरपट्टीतून थोडं पाणी प्रत्येक गाडीच्या दारात शिरतंच, ते या भोकांतून गळून जातं. आमची दोन्ही भोकं या पर्जन्यवृक्षाच्या बारीक पानांच्या लगद्याने बुजलेली. जुन्या टूथब्रशच्या मागच्या टोकाने एक भोक उघडलं तर काळसर पाण्याची धार लागली, आणि बरणीभर तरी पाणी गेलं असेल. कित्येक दिवस दार तळाशी डबकं घेऊन फिरत होतं आणि मोटर त्या दमटपणात होती.

मोटरचे तीन स्क्रू काढताना तारेची चकती जागेवर दाबून धरली. ती सुटली तर तार उलगडून गुंता होतो, आणि मग खरंच पूर्ण सेट घ्यावा लागतो. दाराच्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घालाच. माझ्या मनगटावर अजून ओरखडा आहे.

काच वरच्या टोकाला चिकटपट्टीने बांधून दुपारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. जुनी मोटर पिशवीत सोबत, कारण डाव्या आणि उजव्या दाराच्या मोटरी आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात आणि नुसतं गाडीचं नाव सांगून चुकीची हातात पडते. दुकानदाराने पहिला प्रश्न तोच विचारला, "ड्रायव्हर साइड या क्लीनर साइड?" ट्रकचा क्लीनर डावीकडे बसतो, तेव्हापासून प्रत्येक गाडीची डावी बाजू क्लीनरची. त्याने तीन मोटरी बाहेर काढल्या, जमिनीवरच्या बॅटरीला एकेक लावून दाखवल्या. दुसरीचा आवाज सर्वांत सलग होता. नऊशे रुपये.

संध्याकाळी खाच ओल्या फडक्याने पाच-सहा वेळा पुसली. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारला. इथे साधं तेल किंवा ग्रीस वापरू नये, त्याने रबर फुगतं आणि धूळ धरतं. मोटर बसवली, काच बोल्टला जोडली, आणि पॅड लावायच्या आधी दहा वेळा वर-खाली केली. उजवीकडची काच वर जायला चार सेकंद घेते. हीसुद्धा आता चार घेते.

जुनी मोटर रात्री गॅलरीत उघडली. कार्बनचे ठोकळे झिजून डाळीच्या दाण्याएवढे उरले होते, आत सगळीकडे काळी पूड, आणि गिअरवरचं ग्रीस पाणी मिसळून दुधाळ चहासारखं झालेलं. बाबांनी ते बोटावर घेऊन दिव्याखाली बराच वेळ पाहिलं.

सोमवारी आईला घेऊन खाली गेलो. तिने स्वतः बटण दाबलं. बाबा बाहेर उभे राहून तळवा दाराच्या पत्र्यावर ठेवून, डोळे मिटून ऐकत होते. काच वर जाऊन टेकली.

"आवाज एकसारखा आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाळा, आता बाकीच्या तिन्ही दारांची भोकं बघ."