आमची वाटचाल : चादरी, झगे आणि कोयता

आमच्या शेडला कारखाना म्हणतं कोण, तर फक्त बँकवाले. भिंगारच्या बाजूला पत्र्याची शेड, कटिंगचं लांब टेबल, मोटारीच्या शिलाई मशिनी आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे ताके. मिशनची हॉस्पिटलं, बोर्डिंगं आणि चर्च ही आमची मुख्य गिऱ्हाइकं. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन आणि नाताळ जवळ आला की भजनी मंडळाचे झगे.

नगरला हे काही नवीन नाही. अमेरिकन मराठी मिशन इथं आलं 1831 साली. ख्रिस्ती झालेले बहुतेक महार-मांग समाजातले. गावकीची कामं सुटली की बलुतंही सुटायचं. त्यात 1899-1900 चा दुष्काळ पडला आणि अनाथ मुलांनी बोर्डिंगं भरली. नुसत्या अक्षरओळखीनं या मुलांची पोटं भरणार नव्हती. सर डी. एम. पेटिट यांच्या नावाच्या औद्योगिक शाळेत मुलं गालिचे विणायला, सुतारकाम करायला शिकली. पुढे चर्चिल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं इथंच वेगवान हातमाग बनवला. माझे पणजोबा विणकाम शिकले ते अशाच एका मिशनच्या शाळेत. माग आमच्या घरातून कधीच गेला, कापड मात्र राहिलं.

हॉस्पिटलची चादर घरच्यासारखी शिवून भागत नाही. ती रोज उकळत्या पाण्यात जाते, आणि उसवायला सुरुवात होते ती कोपऱ्यापासून. म्हणून आम्ही इचलकरंजीचं कापड आधी धुऊन आटवून घेतो आणि मगच कापतो. काठ दुहेरी दुमडायचा, कोपऱ्यावर टीप उलटी आणून पक्की करायची. नवीन बाई आली की तिला पहिल्यांदा फक्त कोपरेच शिवायला देतो. कंटाळते बिचारी, पण हात बसतो.

या बाया पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातल्या. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, गावात म्हातारी माणसं उरतात. पोरं बरोबर गेली की शाळा बुडालीच. ही गोष्ट आमच्या पाळकसाहेबांनी माझ्या कानावर घातली. ते म्हणाले, "प्रार्थना आम्ही करू, तू हिवाळ्यातलं काम दे." नाताळची आणि वर्षअखेरीची मागणी नेमकी तेव्हाच येते. आता कापलेला माल टेम्पोनं गावात जातो, बचत गटाच्या बाया घरच्या मशीनवर शिवतात आणि तयार माल शनिवारी परत येतो. मजुरी नगावर, आणि त्याच शनिवारी हातात. सगळ्यांची तोड सुटलेली नाही. नवऱ्यानं उचल घेतली असेल तर बाईला जावंच लागतं, तिथं आमची शिलाई कमी पडते.

"काम देऊन बाप्तिस्मा देता का?" असं गावात तोंडावर विचारलं गेलं. विचारणाऱ्याचा मला राग आला नाही. भुकेच्या वेळी दिलेल्या धान्याबरोबर आणखी काय दिलं जातं, हा संशय दुष्काळाच्या काळापासूनचा आहे आणि तो अगदीच बिनबुडाचा म्हणता येणार नाही. आमच्याकडं शिवणाऱ्या बहुतेक बाया हिंदू आहेत, काही मुसलमान. शेडमध्ये उपासना होत नाही, मालाच्या टेम्पोत पत्रकं जात नाहीत आणि कुणाची मजुरी चर्चमार्फत वाटली जात नाही. सुवार्तेचं काम पाळकांचं. ते ज्यांना ऐकायचं त्यांच्यापर्यंत पोचतात. आमच्या नफ्यातला दशांश मी मिशनला देतो आणि तो मजुरी, सूत, वीज सगळं चुकतं केल्यावरच निघतो. त्यातला मोठा वाटा बोर्डिंगच्या खानावळीला जातो. तोडीला गेलेल्यांची पोरं तिथं राहून शाळा शिकतात, कुठल्याही धर्माची.

अडचण कायमची एकच, उधारी. सेवाभावी संस्थेशी व्यवहार म्हणजे बिल हळू आलं तरी चालेल, असं काही ठिकाणी गृहीतच धरतात. एका हॉस्पिटलनं इतके दिवस लावले की मजुरीसाठी बायकोच्या बांगड्या गहाण टाकाव्या लागल्या. तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय ताका उलगडत नाही, मग समोर साक्षात बिशप का असेनात.

येत्या दिवाळीआधी पाथर्डीच्या बाजूलाच एक कटिंग टेबल टाकायचा विचार आहे. तिथली एक बाई कापड बघताक्षणी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ओळखते. टेबल तिच्याच हाती द्यायचंय. जागा बघून ठेवलीय, थ्री-फेजचं कनेक्शन तेवढं बाकी आहे.