चष्मा-हेल्मेट, नोंद सातवी: चीक पॅड निर्दोष सुटले

गेल्या नोंदीत ठरलं होतं की हेल्मेटच्या डाव्या चीक पॅडच्या (गालाजवळच्या गादीच्या) फोममध्ये चष्म्याच्या काडीसाठी १० मिमी रुंदीची चर पाडायची. तो बेत रद्द. कात्री पुन्हा खणात गेली. हेल्मेटात चष्मा घातला की डावीकडे उठणाऱ्या ज्या ठणक्यामागे तीन नोंदी खर्ची पडल्या, त्याचं मूळ हेल्मेटात नव्हतंच, चष्म्याच्या शेपटीत होतं.

उलगडा केला टाल्कम पावडरने. लायनर (हेल्मेटचं आतलं अस्तर) काळं असल्याने काम सोपं: दोन्ही काड्यांच्या बाहेरच्या अंगाला पावडरचं बोट फिरवायचं, आधी हेल्मेट, मग चष्मा, पट्टा आवळून पाच मिनिटं बसायचं, आणि काढल्यावर लायनरवर टॉर्च मारायचा. चीक पॅडच्या वरच्या कडेला जाड पांढरा पट्टा दिसेल अशी खात्री होती. तिथे निघाला पुसटसा, सगळीकडे सारखा ठसा. गच्च डाग होता कानाच्या खोबणीमागे, नेक रोल (मानेजवळची गादी) सुरू होतो तिथे, रुपयाएवढा. म्हणजे काडीचा सरळ भाग बिचारा शहाण्यासारखा बसला होता. दाबत होतं ते कानामागे वळलेलं टोक.

फ्रेम ५२-१८-१४० (भिंगाची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी). काडी १४० मिमी, त्यातले बिजागरीपासूनचे साधारण १०० मिमी सरळ आणि उरलेले ४० कानामागे खाली वळलेले. हेल्मेट घातल्यावर चष्मा समोरून सरकवला की हा हुकासारखा आकडा आधी पॅडला अडतो, मग कान वर ढकलतो आणि शेवटी गादी नि कानामागचं हाड यांच्यात पाचर होऊन बसतो. पहिली वीसेक मिनिटं कळतही नाही. मग डावीकडेच का? दोन्ही कान एका पातळीत क्वचितच असतात, म्हणून चष्मेवाला काड्या वेगवेगळ्या वाकवतो. टेबलावर चष्मा उलटा ठेवून पाहिला तर डाव्या टोकाचा बाक उजव्यापेक्षा चांगलाच खोल निघाला. हे पहिल्याच नोंदीत बघायला हवं होतं!

उपाय म्हणजे बाक काढणे. टोक अ‍ॅसिटेट प्लास्टिकचं, आत तार. भिंगांना ओला रुमाल गुंडाळून घ्यावा, कारण उष्णतेने अँटी-ग्लेअर थराला जाळीदार तडे जातात. हेअर ड्रायर पाचसहा सेंटिमीटरवर धरून, सतत हलवत, ३०-४० सेकंद. बोटांना चटका बसेल इतकं तापलं की दोन अंगठ्यांमध्ये धरून थोडंसंच सरळ करायचं आणि लगेच थंड पाण्यात. एका झटक्यात सरळ करायला गेलात तर बाकावर पांढरी रेघ उमटते; ती दिसली की समजा, काडी थंड होती आणि पुढची पायरी तुटण्याची. तीन खेपांत टोक सरळ रेषेच्या जेमतेम १० मिमी खाली राहिलं, शिवाय कवटीच्या वळणाप्रमाणे किंचित आत घेतलं. टीआर-९० (लवचिक नायलॉन) फ्रेमवाल्यांनी या फंदात पडू नये, ती ड्रायरला दाद देत नाही, पुन्हा होती तशी होते. ज्यांना धीर होत नाही त्यांनी कोपऱ्यावरच्या जुन्या चष्मेवाल्याकडे जावं. त्याच्याकडे गरम वाळूचं भांडं असतं, दोन मिनिटांचं काम. घरपोच चष्मा मागवण्यात हीच तर गोम आहे, वाकवून द्यायला माणूस नसतो.

पुन्हा पावडर: लांब, फिका, अखंड पट्टा. डाग गायब. दीड तास डोक्यावर ठेवूनही कानामागे वळ नाही. आणि चष्मा एका हाताने सुळकन आत जातो, हे सुख ज्यांनी सिग्नलवर दोन्ही हातांनी काड्या कोंबल्या आहेत त्यांनाच कळेल.

किंमत एकच. हेल्मेट काढलं की चष्मा नाकावरून घसरतो. आत त्याला आकड्याची गरज नाही, पॅडच काड्या धरून ठेवतात; बाहेर मात्र आहे. तेव्हा जुन्या नंबरात फारसा फरक नसेल तर जुनी फ्रेम गाडीसाठी ठेवा. मानेमागून जाणारी दोरी हा पर्याय नव्हे, तिची गाठ नेक रोलखाली टोचते.

चर पाडायला निघालेल्यांना एक सांगणं. चीक पॅडचा मऊ फोम वेगळा आणि त्यामागचा ईपीएस, म्हणजे थर्मोकोलचा कडक थर, वेगळा. चमच्याची पाठ दाबून ईपीएसमध्ये खळगा करण्याची युक्ती फिरते आहे, ती करू नका. ईपीएस चिरडूनच धक्का शोषतो आणि एकदा दबला की परत फुगत नाही. आदळण्याआधीच तेवढी जागा वापरून झाली. पॅड बदलायचेच असतील तर कंपनीचे पातळ घ्या, आणि मग हेल्मेट मागून धरून पुढे लोटून बघा: गालाची कातडी सोबत सरकली पाहिजे.

उरलेलं थोडक्यात. घट्ट पॅड गाल वर ढकलतात आणि गाल फ्रेमची खालची कड उचलतात, त्यामुळे उंच भिंगाची प्रोग्रेसिव्ह (वर लांबचा, खाली वाचायचा नंबर) असेल तर वाचायचा भाग रस्त्यात येतो. भिंग बुटकं हवं. पोलराइज्ड गॉगल पॉलिकार्बोनेट व्हायझरमागे (हेल्मेटच्या पुढच्या काचेमागे) इंद्रधनुषी पट्टे दाखवतो आणि काही एलसीडी मीटर काळे करतो. साधा टिंट बरा. उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक भिंगं व्हायझरमागे जवळपास पांढरीच राहतात, यूव्ही आधीच अडलेला असतो. पिनलॉकने (व्हायझरच्या आत बसणाऱ्या, धुकं न धरणाऱ्या पातळ काचेने) व्हायझर स्वच्छ राहील, चष्मा नाही. चष्म्याला भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब चोळून कोरड्या सुती कापडाने पुसायचा, सोबत नाकावर ब्रीथ डिफ्लेक्टर, म्हणजे श्वास खाली वळवणारी पट्टी.

पुढची नोंद भिंगावर साचणाऱ्या धुक्यावर ठरली होती. पण हे लिहिता लिहिता सुचलं: आकडा लागतच नाही तर १४० मिमीची काडी तरी कशाला? जुन्या धातूच्या फ्रेमचं टोक गरम करून ओढलं की निघतं, तार १० मिमी कापून टोक परत बसवता येईल. त्या काड्या जेमतेम सव्वा मिमी जाड आहेत, अ‍ॅसिटेटच्या साडेचारसमोर. आधी तीच फ्रेम कापतो, पावडर लावतो, मग पावसात ताम्हिणी.