तुम्ही विचारलंत म्हणून

परवा साताऱ्याहून आत्याने फोनवर पुन्हा विचारलं, "अगं, कोंबडी खायला नाहीतर अंड्यांसाठी पाळतात. तू तिला नटवून प्रदर्शनात कशाला नेतेस?" तुम्हीही विचारलंत, हा निष्ठुरपणा नाही का? इतकी वर्षं मी खरं उत्तर टाळत आले. आज उत्तर देते.

इंग्लंडात माझ्याकडे पांढऱ्या तोंडाच्या काळ्या स्पॅनिश कोंबड्या आहेत. पूर्वी मी सगळ्यांना ठरलेलं उत्तर द्यायचे: 1835 च्या कायद्याने इथल्या झुंजी बंद झाल्या, 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, लोक रक्ताऐवजी रूप बघायला लागले. बोलायला सोपं होतं, पण खरं म्हणजे झुंजी चोरून चालूच राहिल्या आणि वेड लागलं ते चीनहून आलेल्या, पायांवर पिसं असलेल्या कोचीन कोंबड्यांचं. राणी व्हिक्टोरियाच्या विंडसरच्या खुराड्यातही पूर्वेकडून आलेल्या कोंबड्या होत्या, मग कोण मागे राहणार? 1865 मध्ये पक्ष्यांचा अभ्यासक टेगेटमायर याच्या हाताखाली मानकांचं पुस्तक निघालं. तुरा कसा हवा, पीस कसं हवं, सगळं कागदावर आलं. याच माणसाकडून डार्विन कोंबड्यांची माहिती घेत असे. डार्विनने सगळ्या पाळीव कोंबड्यांचं मूळ लाल रानकोंबड्यात धरलं. पिवळ्या पायांचा गुण मात्र राखी रानकोंबड्याकडून आला, असं 2008 मध्ये दिसून आलं. आत्याकडच्या डोंगरात पहाटे आरवतो, तोच हा. हे तिला सांगितलं की ती गप्प होते, पण पटत नाही.

आणि पटावं तरी का? माझ्या जातीचंच बघा. ही मुळात दणकट, मोठी पांढरी अंडी देणारी कोंबडी. प्रदर्शनाच्या पंचांना पांढरं तोंड, म्हणजे चेहऱ्यावरची उघडी कातडी, मोठं हवं, म्हणून पाळणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या ते वाढवत नेलं. ऊनवाऱ्याने तोंड खरखरीत होतं म्हणून पक्षी बंद, अंधाऱ्या खोलीत ठेवले. एकोणिसावं शतक संपता संपता जात नाजूक होऊन मागे पडली.

हे सगळं वाचूनही मी तेच केलं. चार वर्षांपूर्वी पिल्लांमधून ज्याचं तोंड सगळ्यात मोठं तोच कोंबडा ठेवला. बक्षीस मिळालं. दुसऱ्या वर्षी ती कातडी आणखी भरली, घड्या पडल्या, उजवा डोळा झाकला गेला. तो दाण्याच्या भांड्याशेजारी जमिनीवर चोच मारायचा. तीनदा, चारदा, मग मान वाकडी करून थांबायचा. मी भांडं डावीकडे सरकवायचे. कातडी कोमट पाण्याने पुसायचे, बोटाने वर धरायचे, की डोळा दिसायचा, स्वच्छ, गडद, माझ्याकडे बघणारा. पुढे डावाही झाकत गेला. जानेवारीत कडक थंडी पडली. तलंगा आपसूक फळीवर चढल्या. त्याला फळी दिसली नाही. सकाळी तो दाराशी थिजलेला सापडला. संध्याकाळी मी फक्त दार लावून घेतलं होतं, आत बघितलं नव्हतं.

निष्ठुरपणा आहे का, असं तुम्ही विचारता. त्या दिवशी होता. पण उन्हात त्या काळ्या पिसांवर हिरवी झाक येते तेव्हा माझा जीव अडकतो, हेही खोटं नाही. मी सोडलं तर जात वाचेल, असंही नाही. ती पाळणारे आधीच थोडे आहेत.

आता लहान तोंडाच्या कोंबड्या वेगळ्या काढल्यात. त्या गेलेल्या कोंबड्याच्या मुलाचं तोंड बापाहून मोठं दिसतंय. नोव्हेंबरच्या प्रदर्शनाचा अर्ज टेबलावर आहे, नाव अजून लिहिलेलं नाही.