तुम्ही विचारलंत म्हणून: जीमॅट पुन्हा देऊ का?

जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा. ती देऊन आलेल्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एवढाच येतो: "६१५ पडले. पुन्हा देऊ का?" कुठल्या बिझनेस स्कूलला अर्ज करायचाय, तिन्ही विभागांचे वेगवेगळे गुण किती, मॉकमध्ये (सराव परीक्षेत) किती पडत होते, काही नाही. एवढ्यावर हो किंवा नाही म्हणता येत नाही. कशावर म्हणता येतं, ते सांगतो.

आधी मॉकचे आकडे काढा. शेवटच्या दोन अधिकृत मॉकचे गुण आणि प्रत्यक्ष परीक्षेचे गुण शेजारी शेजारी लिहा. मॉकमध्ये ६५५ आणि ६६५ पडत होते आणि परीक्षेत ६१५ आले, तर त्या दिवशी काहीतरी बिनसलं: झोप झाली नव्हती, वेळ हातातून गेला, एका प्रश्नावर हट्ट धरला. अभ्यास झालेला आहे, तो फक्त उतरला नाही. अशांनी तीन-चार आठवड्यांत पुन्हा बसावं. पण मॉकही ६०५ ते ६२५ च्या घरातच फिरत होते, तर परीक्षेने तुम्हाला बरोबर मोजलंय. मग पुन्हा देणं म्हणजे पुन्हा शिकणं, आणि त्याला दीड-दोन महिने धरा. हा फरक न बघता तारीख घेणारे दुसऱ्यांदाही तिथेच येऊन थांबतात.

मॉकबद्दल एक सावधगिरी. अधिकृत मॉक सहा आहेत, त्यातले पहिले दोन फुकट. तोच मॉक दुसऱ्यांदा दिला की बघितलेले प्रश्न परत येतात आणि गुण फुगतात. तुलनेला पहिल्यांदा दिलेल्या मॉकचाच आकडा घ्या. आणि पुन्हा परीक्षा देण्याची शक्यता वाटत असेल तर सहाही मॉक पहिल्या वेळीच संपवू नका. दुसऱ्या तयारीत मोजमापाला काही उरत नाही, ही तक्रार फार नेहमीची आहे.

नियम सोपा आहे. दोन प्रयत्नांमध्ये किमान १६ दिवसांचं अंतर, आणि कुठल्याही सलग १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाच प्रयत्न. मुदत सोळा दिवसांची आहे म्हणून सतराव्या दिवशीची तारीख घेणारे पुष्कळ. तेवढ्या दिवसांत विभागांचा क्रम बदलता येतो, वेळेची शिस्त लावता येते. टक्केवारीचं कच्चं गणित किंवा युक्तिवाद वाचण्याची सवय तेवढ्यात बदलत नाही.

"दोनदा दिली हे वाईट दिसेल का?" ही भीती बरीचशी निराधार आहे. जीमॅटमध्ये गुण बघितल्यावर, तुम्ही पाठवाल तेच स्कूलकडे जातात. बहुतेक स्कूल सर्वांत चांगला निकाल धरतात, सरासरी काढत नाहीत. दुसऱ्यांदा कमी पडले तर पाठवू नका, विषय संपला. दुसरा प्रयत्न अगदी सामान्य आहे, तिसराही चालतो. चौथ्याला मात्र मी आधी विचारीन की तिसऱ्यानंतर नेमकं काय बदललंय.

आता ते ६१५ चांगले की वाईट, हा प्रश्न. स्कूलच्या पानावर आदल्या बॅचची सरासरी आणि गुणांचा पल्ला दिलेला असतो. तो बघताना शेवटचा अंक बघा. सध्याच्या परीक्षेचे एकूण गुण २०५ ते ८०५ असतात आणि प्रत्येक गुणसंख्या ५ ने संपते. जुन्या परीक्षेचे २०० ते ८००, शेवटी नेहमी शून्य. जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली, पण गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे दोन्ही मापं अजून वापरात आहेत. नवे ६४५ हे पर्सेंटाइलच्या हिशोबाने साधारण जुन्या ७०० च्या तोडीचे. जुना ७१० चा आकडा बघून ६५५ वाले घाबरतात आणि विनाकारण पुन्हा बसतात. तुमचे गुण पल्ल्याच्या आत आणि सरासरीपासून दहा-वीसच खाली असतील, तर ते दोन महिने निबंधांना आणि शिफारसपत्रांना द्या, असं माझं मत. पल्ल्याच्या तळाशी असाल, किंवा पदवीत गणित जवळजवळ नसताना क्वांटही (परीक्षेतला गणिताचा विभाग) कमी असेल, तर मात्र पुन्हा द्या.

विभाग तीन: क्वांट, व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि युक्तिवाद) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते, आलेख, आकडेवारी वाचून उत्तर काढणं). प्रत्येकी ४५ मिनिटं, प्रत्येकी ६० ते ९० गुण, आणि एकूण गुणांत तिघांचा वाटा सारखा. तरी पुन्हा तयारीला बसलेला माणूस क्वांटचंच पुस्तक उघडतो. सवय. डेटा इनसाइट्समधले ८० हे क्वांटमधल्या ८० पेक्षा पर्सेंटाइलमध्ये बरेच वर असतात, म्हणून नुसते गुण बघून कच्चा विभाग ठरवू नका, पर्सेंटाइल बघा. निकालाबरोबर तपशीलवार अहवालही मिळतो: कुठल्या प्रकारचे प्रश्न चुकले, वेळ कुठे गेला. पहिला आठवडा नवीन एकही प्रश्न न सोडवता या अहवालावर आणि जुन्या चुकांवर घालवा. चुकलेले प्रश्न घड्याळ न लावता परत सोडवा. वेळ असताना सुटले तर अडचण वेगाची. तरीही अडले तर समजण्याची. दोन्हींचे उपाय वेगळे.

चुकांची वही जवळजवळ सगळेच ठेवतात, पण तिच्यात "सिली मिस्टेक" एवढंच लिहिलेलं असतं. त्याने काही होत नाही. एक उदाहरण घ्या. डेटा सफिशियन्सीचा प्रश्न (डेटा इनसाइट्समधला प्रकार; उत्तर काढायला दिलेली दोन विधानं पुरेशी आहेत का, एवढंच ठरवायचं): कंपनीचं उत्पन्न वजा खर्च यंदा गेल्या वर्षीपेक्षा वाढलं का? विधान पहिलं, उत्पन्न २० टक्क्यांनी वाढलं. विधान दुसरं, खर्च १० टक्क्यांनी वाढला. घाईत वाटतं, दोन्ही मिळून पुरेसं आहे. उत्पन्न जास्त वेगाने वाढलंय, म्हणजे नफा वाढलाच. पण गेल्या वर्षी उत्पन्न १०० आणि खर्च ३०० असेल तर? तोटा २०० होता. यंदा १२० आणि ३३०, तोटा २१०. उत्पन्न १००, खर्च ५० धरा: ५० चे ६५ झाले. दोन वेगळी उत्तरं निघतात, म्हणजे दोन्ही विधानं मिळूनही माहिती अपुरी. वहीत लिहायचं ते हे: "कंपनी नफ्यात आहे असं धरलं, प्रश्नात कुठेच नव्हतं." अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की न दिलेलं गृहीत धरण्याची खोड आपोआप दिसते. मग डेटा सफिशियन्सीच्या प्रत्येक प्रश्नात आकडे टाकून उलटं उदाहरण शोधायची सवय लावायची. इथून गुण वाढतात.

दुसरी जागा वेळेची. क्वांटमध्ये २१ प्रश्न, म्हणजे दर पंधरा मिनिटांना सात. सातवा प्रश्न संपताना घड्याळात ३० मिनिटं उरलेली हवीत, चौदावा संपताना १५. व्हर्बलमध्ये २३ प्रश्न, एकेकाला दोन मिनिटांहून थोडं कमी. डेटा इनसाइट्समध्ये २०, एकेकाला सव्वादोन मिनिटं. सहाव्या प्रश्नावर पाच मिनिटं घालवली की त्याची किंमत शेवटच्या तीन प्रश्नांवर, न वाचता उत्तर ठोकून, मोजावी लागते. आणि प्रश्न कोरे सोडण्याचा दंड चुकीच्या उत्तरापेक्षा कडक आहे. अडलात तर अंदाजाने उत्तर देऊन, खूण करून पुढे जा. विभाग संपवून वेळ उरला तरच मागे जाता येतं आणि तीन उत्तरं बदलता येतात. ही तीन बदलण्याची सोय ज्यांना आधी वापरून बघायची सवय नसते, ते घाबरून बरोबर उत्तर चूक करून येतात. शंका आली म्हणून बदलू नका. ठोस चूक सापडली तरच बदला.

विभागांचा क्रम आणि दहा मिनिटांची सुट्टी कुठे घ्यायची, हे मॉकमध्येच ठरवा आणि परीक्षेच्या दिवशी काही नवं करू नका. मॉक परीक्षेच्याच वेळेला द्या, सुट्टी दहाच मिनिटांची घ्या, शेवटचा मॉक परीक्षेच्या पाच-सहा दिवस आधी.

"मग जीआरई देऊ का?" हेही विचारतात, म्हणजे जीमॅटऐवजी देता येणारी दुसरी प्रवेश परीक्षा. जीआरई सुमारे दोन तासांची, दोन प्रयत्नांत २१ दिवसांचं अंतर, क्वांटभर पडद्यावर कॅल्क्युलेटर. जीमॅटच्या क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर नाही, तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये. पण जीआरईत भूमिती आहे आणि व्हर्बलला शब्दसंग्रह लागतो. तुमचे गुण डेटा इनसाइट्समध्येच जात असतील आणि शब्द पक्के असतील, तर एक जीआरईचा मॉक देऊन बघा. क्वांटची मूळ समजच कच्ची असेल, तर परीक्षा बदलून काही फरक पडत नाही.

तारीख मागून मोजा. अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधी किमान तीन आठवडे परीक्षा संपलेली हवी, म्हणजे निबंध शांतपणे पुरे होतील आणि गरज पडली तर १६ दिवसांनंतरची आणखी एक तारीख हातात राहील. अधिकृत निकाल आल्यापासून ४८ तासांत पाच ठिकाणी गुण फुकट पाठवता येतात. त्यामुळे पाच स्कूलची यादी परीक्षेला जाण्याआधीच लिहून ठेवा. निकालाच्या दिवशी ती सुचत नाही.